मृतांसाठी कोरलेले घर कसे पाहावे: सार्डिनियाला निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद झाली आणि त्यांत आपला पन्हाळा असल्यामुळे त्या वर्षी यादीत आणखी कोण कोण आले, हे पाहण्याची गरज कोल्हापुरात फारशी कुणाला वाटली नाही. त्याच अधिवेशनात भूमध्य समुद्रातील सार्डिनिया या इटलीच्या बेटावरील प्रागैतिहासिक कोरीव थडगीही यादीत दाखल झाली. तेथील लोक त्यांना ‘दोमुस दे यानास’ म्हणतात, म्हणजे ‘यानांची घरे’. याना म्हणजे परी किंवा जादूटोणा जाणणारी बाई. एवढ्या लहान दारांची घरे माणसांची कशी असतील, ती पऱ्यांचीच असणार, असा गावकऱ्यांचा तर्क होता. मसाई पठारावरच्या लेण्यांना पांडवदरा म्हणणाऱ्या आपल्या लोकांना या नावाचे नवल वाटू नये. कोणी कोरले हे विसरले गेले, की कातळ आपल्याकडे पांडवांच्या नावे होतो आणि तिकडे पऱ्यांच्या.

ही थडगी पाहायला मी गेलो तेव्हा पहिल्या दिवशी तासाभरात अकरा थडगी पाहिली आणि संध्याकाळी खोलीवर वही उघडली तर लिहिण्यासारखे काहीही आठवेना. जमिनीत भोके, भोकांत अंधार, अंधारात पुन्हा लहान भोके, एवढेच. दोष थडग्यांचा नव्हता. मी लेणी पाहायच्या सवयीने गेलो होतो, म्हणजे मूर्ती शोधत होतो, आणि तेथे मूर्ती नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी ती घरे म्हणून पाहू लागलो, आणि मग एकेक जागा बोलू लागली. पुढे जे सांगितले आहे ते या दुसऱ्या दिवसापासूनच्या पद्धतीने सांगितले आहे.

निघण्यापूर्वी काळाचा हिशेब पक्का करावा

सार्डिनियाचे क्षेत्रफळ सुमारे २४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण तिप्पट आहे, आणि एवढ्या भूमीवर साडेतीन हजारांहून अधिक दोमुस दे यानास ज्ञात आहेत. ती इसवी सनापूर्वीच्या पाचव्या ते तिसऱ्या सहस्रकात कोरली गेली. सुरुवातीची थडगी एका कोठडीची आणि साधी आहेत. पुढे ज्या काळाला ओत्सिएरी संस्कृती म्हणतात (साधारण इ. स. पू. ४००० ते ३२००), त्या काळात अनेक दालनांची, खांबांची, कोरीव दारांची थडगी तयार झाली. पाहण्याजोगे बहुतेक काम याच काळातले आहे. ओत्सिएरी हे एका गावाचे नाव असून तेथील सान मिकेले गुहेत मिळालेल्या नक्षीदार भांड्यांवरून संस्कृतीला ते पडले.

बेटावर गेल्यावर सर्वांत आधी दृष्टीस पडतात ते नुरागे, म्हणजे मोठमोठे दगड रचून बांधलेले बुरूज. ते हजारो आहेत आणि पर्यटनाच्या प्रत्येक भिंतीपत्रकावर तेच असतात. नुरागे कांस्ययुगातील, म्हणजे आपल्या विषयाहून हजार-दीड हजार वर्षांनी अलीकडचे आहेत. ‘राक्षसांची थडगी’ या नावाने दाखवली जाणारी लांबट स्मारकेही त्याच नंतरच्या काळातली आणि बांधीव आहेत. वाटाड्या एका दमात तिन्ही दाखवतो आणि परतल्यावर डोक्यात खिचडी होते. म्हणून कोरलेले ते आधीचे आणि रचलेले ते नंतरचे, एवढा ठोकताळा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. त्याला अपवाद आहेत, पण पहिल्या भेटीला तो पुरतो.

येथे एक मोह टाळायला सांगतो, कारण तो मलाही झाला होता. आपल्या टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. भूमध्य समुद्र आणि पंचगंगेचा काठ यांचा संबंध दाखवणारा तो अस्सल पुरावा आहे आणि निघण्यापूर्वी ती मूर्ती अवश्य पाहून यावे. मात्र तो संबंध रोमन व्यापाराच्या, म्हणजे सातवाहनांच्या काळातला आहे. थडगी त्याहून तीन हजार वर्षांनी जुनी आहेत. या दोन गोष्टींची गाठ मारायला जाऊ नये.

सराव जोतिबाच्या वाटेवर

परदेशी जाऊन डोळा तयार करण्यापेक्षा तो इथेच तयार करून जाणे स्वस्त पडते. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळे गावाची बौद्ध लेणी आहेत. एका सकाळी तेथे जावे, बरोबर चौकटीची वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि हातात धरायची बॅटरी घ्यावी, आणि एकाच खोलीचा नकाशा स्वतः काढावा. दाराची उंची, उंबऱ्याची जाडी, खोलीची लांबी-रुंदी, छताची उंची, भिंतीवरचे छिन्नीचे घाव कोणत्या दिशेने गेले आहेत, हे सगळे नोंदवायला पहिल्या वेळी तास लागतो. तिसऱ्या खोलीपर्यंत तो वेळ वीस मिनिटांवर येतो. सार्डिनियात तेवढीच उसंत मिळते.

याच सरावात प्रकाशाचा धडा घ्यावा. बॅटरी भिंतीवर समोरून मारली तर भिंत सपाट पांढरी दिसते. तीच बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून कडेने मारली, की प्रत्येक घाव आपली सावली टाकतो आणि गुळगुळीत वाटलेल्या पृष्ठभागावर ओळी उठतात. मोबाइलचा उजेड यासाठी फारसा उपयोगी नाही, कारण तो पसरट असतो आणि फोटो काढायचा मोबाइल व उजेडाचा मोबाइल एकच असल्यामुळे उजेड नेहमी समोरूनच पडतो. अरुंद झोताची साधी बॅटरी आणि ती धरायला बरोबरचा माणूस, हे सर्वांत चांगले.

पोहाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेथील दारांतून भिक्षू रोज ये-जा करत होते, म्हणून ती माणसाच्या मापाची आहेत. सार्डिनियातील आतल्या दालनांची दारे बहुधा खिडकीएवढी, कधी जेमतेम गुडघ्या-मांडीएवढ्या उंचीची असतात, कारण तेथून माणूस प्रेत किंवा अस्थी घेऊन सरपटत आत जाई आणि बाहेर आल्यावर दार दगडी झडपेने बंद केले जाई. दाराच्या चौकटीभोवती खोलवा दिसला तर ती झडप बसवण्याची खाच समजावी.

कोणत्या क्रमाने जावे

उत्तरेकडील आल्गेरो शहरात मुक्काम करावा आणि पहिला दिवस आंगेलु रुयुला द्यावा. आल्गेरोपासून सुमारे दहा किलोमीटरवर, द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात, सपाट जमिनीत ३८ थडगी आहेत. १९०३ मध्ये बांधकामासाठी खोदताना ती अचानक उघड झाली आणि पुढच्या वर्षापासून आंतोनियो तारामेल्ली यांनी तेथे उत्खनन सुरू केले. वरून पाहिले तर काहीच दिसत नाही, आणि नवशिक्याने येथूनच सुरुवात करण्याचे कारण तेच आहे. काही थडग्यांत विहिरीसारख्या उभ्या खड्ड्यातून उतरावे लागते, काहींना पायऱ्यांचा उतरता मार्ग आहे. हे दोन्ही प्रकार एकमेकांशेजारी पाहायला मिळतात. मी अकरा पाहिली. आपण चारच पाहावीत, पण प्रत्येकात अर्धा तास बसावे.

दुसरे ठिकाण पुतिफिगारी गावाजवळचे मोंते सिसेरीचे थडगे. त्याला अभ्यासक ‘रंगीत वास्तूचे थडगे’ म्हणतात. छताच्या कातळात तुळई आणि वासे कोरून ते रंगवले आहेत आणि भिंतीत कोरलेले, न उघडणारे खोटे दार आहे. आत जाऊ देतात की नाही, हे आधी गावच्या नगरपालिकेकडे विचारून घ्यावे, कारण रंग नाजूक आहेत आणि अशी ठिकाणे केव्हा बंद ठेवतील याचा नेम नसतो.

तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ, बोनोर्व्हाजवळचे सांतांद्रेआ प्रिउ. येथे ज्वालामुखीच्या दगडाचा उभा कडा आहे आणि त्यात सुमारे वीस थडगी कोरली आहेत. त्यांतील ‘प्रमुखाचे थडगे’ अठरा दालनांचे असून सुमारे अडीचशे चौरस मीटर पसरले आहे. आपल्याकडच्या मापात सांगायचे तर अडीच गुंठे. पुढे हजारो वर्षांनी ख्रिस्ती लोकांनी त्याच दालनांचे चर्च केले आणि भिंतींना गिलावा देऊन त्यावर चित्रे काढली. एकाच भिंतीवर नवाश्मयुगातील घाव आणि त्यावर बायझंटाइन संत, असा तो प्रकार आहे. येथे किमान अर्धा दिवस हवा.

दक्षिणेला जाणे जमले तर व्हिलापेरुच्चो गावाजवळचे मोंतेस्सु चुकवू नये. नैसर्गिक अर्धवर्तुळाकार डोंगरउतारावर सुमारे चाळीस थडगी आहेत आणि काहींच्या भिंतींवर सर्पिलाकार नक्षी व शिंगे कोरलेली आहेत. कास्तेलसार्दोजवळ रस्त्याच्या कडेला हत्तीच्या आकाराचा एक दगड आहे आणि त्याच्या पोटात दोमुस आहे. फोटो सर्वजण तेथेच काढतात, आपणही काढावा आणि पुढे निघावे.

माल्टा बेटावरचे हाल साफ्लिएनी हे भूमिगत दफनस्थान यापेक्षा अधिक प्रसिद्ध आहे. १९०२ मध्ये घरांसाठी पाण्याच्या टाक्या खोदताना ते सापडले आणि तेथे सुमारे सात हजार माणसांच्या अस्थी असाव्यात असा अंदाज केला गेला. पण तेथे एका वेळी दहाच माणसांना सोडतात, तिकिटे फार आधी काढावी लागतात आणि ठरलेल्या वाटेवरून ठरलेल्या वेळात फिरावे लागते. स्वतः गुडघे टेकून आत शिरायचे असेल, तर सार्डिनियाच बरे.

आत शिरल्यावर

दाराशी आधी थांबावे. अंधाराला डोळे सरावायला पाच-सात मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात दाराबाहेरचे अंगण पाहून होते. मग पाय आधी, पोट जमिनीकडे, अशा रीतीने उतरावे. डोके आधी घातले तर उठताना टाळूला दगड लागतो, हे मी टाळूवर अनुभवलेले आहे. आत गेल्यावर लगेच बॅटरी लावू नये. दारातून येणारा उजेड कुठवर पोचतो ते पाहावे आणि त्यानंतरच दिवा लावावा.

पहिली नजर छताकडे जावी. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात कातळाच्या छताला खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्या आहेत, ज्यांचा भार पेलण्याशी काही संबंध नाही. कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी सभागृह होते आणि त्यांना दगडातही तेच हवे होते. सार्डिनियातील कारागिरांनी त्याच्या तीन हजारांहून अधिक वर्षे आधी, धातूच्या छिन्नीवाचून, मुख्यतः दगडी टिकावांनी असेच केले. सांतांद्रेआ प्रिउमधील एका थडग्याचे छत गोल झोपडीचे आहे आणि त्यावर मध्यापासून कडेकडे पसरत गेलेले वासे कोरले आहेत. शेजारच्या एका थडग्यात दोन्हीकडे उतरते छप्पर आहे. त्या काळातील खऱ्या झोपड्या लाकूड, काटक्या आणि गवताच्या होत्या आणि त्या केव्हाच मातीला मिळाल्या. म्हणजे जिवंत माणसांचे घर कसे होते, हे आज त्यांच्या मृतांच्या घरावरूनच कळते. छताचे चित्र वहीत काढताना वासे मोजावेत आणि त्यांतील अंतरही घ्यावे.

छतानंतर घराची मांडणी पाहावी, आणि त्यासाठी कोल्हापूरकडच्या जुन्या घराइतकी सोयीची मापपट्टी नाही. बाहेरचे अर्धवर्तुळाकार किंवा चौकोनी दालन म्हणजे सोपा, त्यामागचे मोठे दालन म्हणजे माजघर, आणि माजघराच्या भिंतींत चहूबाजूंनी उघडणाऱ्या लहान कोठड्या. आंगेलु रुयुच्या एका थडग्यात मी मधल्या दालनात उकिडवा बसलो होतो आणि भोवती फिरून पाहिले तर सात दारे होती, प्रत्येकाला जमिनीपासून वीतभर वर आलेला उंबरा. उंबऱ्याच्या कडा झिजलेल्या होत्या. झीज मधोमध जास्त आणि बाजूंना कमी, जशी पाट्यावर असते. ती त्या काळातल्या सरपटणाऱ्या गुडघ्यांची की नंतरच्या मेंढपाळांची, हे सांगता येत नाही, कारण अनेक थडगी पुढे शतकानुशतके गोठा, आडोसा आणि कोठार म्हणून वापरली गेली. म्हणून वहीत ‘उंबरा मधोमध झिजलेला’ एवढेच लिहावे आणि कारण लिहू नये.

मग जमीन पाहावी. काही माजघरांत मधोमध गोल खळगा कडेसह कोरलेला दिसेल. ती आगटी आहे, म्हणजे आगटीची प्रतिकृती आहे. याहून लहान, वाटीएवढे खळगे उंबऱ्याजवळ आणि बाहेरच्या दालनात असतात. त्यांत मृतांसाठी नैवेद्य ठेवत असावेत, असे अभ्यासक मानतात. भिंतींवर गेरूचा लाल रंग शिल्लक असेल तर तो कोपऱ्यांत आणि चौकटीच्या आतल्या कडेला शोधावा, कारण मोकळ्या भिंतीवरचा रंग केव्हाच गेला आहे.

आता शिंगे. कोल्हापूरकराने शिंगे ओळखावीत यासाठी त्याला वेगळे शिकवावे लागत नाही, बेंदराला रंगवलेली शिंगे लहानपणापासून पाहिलेली असतात. तरीही पहिल्या दिवशी मला ती दिसली नाहीत. आंगेलु रुयुमधील त्या भिंतीसमोर मी दोनदा उभा राहिलो आणि दोनदा पुढे गेलो. तिसऱ्यांदा बरोबरच्या मित्राने सहज बॅटरी खाली ठेवली, ती भिंतीला लागून पडली, आणि दाराच्या वरच्या पट्टीवर बैलाची दोन शिंगे, चंद्रकोरीसारखी वळलेली, सावलीसह उभी राहिली. उठाव बोटाच्या जाडीएवढासुद्धा नव्हता. कुठे शिंगे अशी डौलदार वक्र असतात, कुठे सरळ रेघांची काटकोनी होतात, कुठे एकावर एक अशा जोड्या येतात. नोंद करताना शिंगे दाराच्या वर आहेत की बाजूला, आणि ते दार खरे आहे की खोटे, हे जरूर लिहावे. खोटे दार म्हणजे भिंतीवर चौकटीसह कोरलेले, पण न उघडणारे दार. इहलोक आणि परलोक यांतली ती सीमा असावी, असे समजले जाते. शिंगांचा अर्थ बैलदेवता, सुफलता, रक्षण असा लावला जातो. त्यांत आपला नंदी आणू नये; बैलाला मान देणारे जगात आपण एकटेच नाही.

रस्ता, वेळ आणि वागणूक

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हा काळ उत्तम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाचा तडाखा असतो, आणि हिवाळी पावसानंतर खोल थडग्यांत पाणी साचते. आल्गेरो, ओल्बिया आणि कालियारी अशी तीन विमानतळांची शहरे आहेत; रोम किंवा मिलानहून तेथे जाता येते. इटलीचा शेंगेन व्हिसा लागतो. गाडी भाड्याने घेतल्याशिवाय ही ठिकाणे होत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा आणि तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे असते हे पहिल्या चौकाआधीच स्वतःला बजावावे. वारसास्थळांचे फलक तपकिरी रंगाचे असतात. दुपारी बरीच ठिकाणे तीन-चार तास बंद असतात. एका ठिकाणी मी सव्वाएकला पोचलो, फाटकाला कुलूप होते आणि चारपर्यंत ऑलिव्हच्या झाडाखाली डबा खात बसावे लागले.

कपडे लांब बाह्यांचे आणि जाड विजारीचे असावेत. गुडघ्यांना बांधायला जुन्या सतरंजीचे दोन तुकडे न्यावेत. मी क्रिकेटचे पॅड नेण्याचा विचार केला होता, तो सोडला हे बरे झाले, कारण तेवढ्या दारातून ते गेलेच नसते. वसंतात गवतात गोचीड असतात, बाहेर आल्यावर पायांची तपासणी करावी.

भिंतीवरील कोरीव काम नीट दिसावे म्हणून त्यात खडू भरू नये आणि पाणी शिंपडू नये. आपल्याकडे कित्येक वीरगळांवर असे झाले आहे आणि ते निघत नाही. गेरूच्या भिंतींना हात लावू नये, फ्लॅश वापरू नये. कोरलेला दगड दिसला की हळदकुंकू वाहण्याचा हात काहींचा आपोआप पुढे होतो, तो आवरावा. खापराचा किंवा काळ्या काचेसारख्या ऑब्सिडियनचा तुकडा पायाखाली दिसला तर जागेवरच ठेवावा. तो उचलून आणणे हा इटलीच्या कायद्याने गुन्हा आहे.

अनेक थडगी कुरणांतून आहेत आणि तेथे पोचायला मेंढपाळांची फाटके ओलांडावी लागतात. फाटक उघडे असेल तर उघडे ठेवावे, बंद असेल तर आपल्यामागे बंद करावे, आणि तारेची कडी ज्या खुंटीवर अडकवलेली होती त्याच खुंटीवर परत अडकवावी.